मट्टीचा ओंडका पडून आहे: चौकटी कराव्यात की तुळई?

ताई, तुमच्या प्रश्नातली हकीकत थोडक्यात अशी. गोव्यात फोंड्याजवळ तुमच्या कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेला असलेली मट्टी (ऐनाचं झाड) गेल्या श्रावणात वाऱ्याने उन्मळून पडली. ओंडका अजून तिथेच आहे. भाऊ म्हणतात, घरच्या झाडाच्या चौकटी आणि दारं करून घेऊ. सुतार म्हणतो, मट्टी फाटते, पीळ मारते, साग घ्या. वखारवाल्याने तिसरंच सांगितलं, मलेशियन साल न्या, स्वस्त पडेल. त्यातच देवखोलीवरची जुनी तुळई मधोमध खाली आली आहे आणि यंदाच्या गणेश चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची सजावट, तिलाच बांधायची आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मट्टी हे चांगलं लाकूड आहे का?’

आहे. पण नुसतं ‘आहे’ म्हणून मी थांबलो, तर तुमचं नुकसान होईल. भाऊ आणि सुतार दोघंही खरं बोलताहेत. मट्टी शंभर वर्षं टिकलेली मी पाहिली आहे आणि सहा महिन्यांत दाराला पीळ पडलेलाही पाहिला आहे. दोन्ही वेळा झाड एकाच जातीचं होतं. फरक होता तो लाकूड किती वाळलेलं होतं आणि कुठे बसवलं होतं, एवढ्याचा. तुमचा खरा प्रश्न मी असा धरतो: हा एक ओंडका, आता माघ महिना, आणि समोर पावसाळा. यातून काय करता येईल, आणि कशाचा हट्ट धरू नये?

काही गोष्टी इथे बसून मला सांगता येणार नाहीत. ओंडक्याची साल तशीच आहे की काढली, तो मातीवर टेकलाय की दगडांवर, टोकाला किती चिरा गेल्या आहेत, आतून पोकळ आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून जिथे ‘पाहून ठरवा’ म्हणतो, तिथे खरंच पाहून ठरवा.

आधी कागदाचं. गोव्यात खासगी जमिनीतल्या झाडांनाही १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे. झाड आपलं, जमीन आपली, वाऱ्याने पडलं, हे सगळं खरं असलं तरी ओंडका हलवण्याआधी आणि गिरणीवर नेण्याआधी तुमच्या भागातल्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन नोंद करा आणि वाहतुकीचा परवाना घ्या. पडल्याच्या वेळचे फोटो असतील तर सोबत न्या. रीतसर चालणारी गिरणी कागदाशिवाय ओंडका आत घेत नाही. हे काम याच आठवड्यात करा, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर अडलेलं आहे.

आता मट्टीबद्दल. मराठीत जिला ऐन म्हणतात, तीच आपली मट्टी. गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून तिचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण मोल्याच्या किंवा सत्तरीच्या रानात ती ओळखायची कशी, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. साल पाहा. काळपट, उभ्या-आडव्या खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची. एकदा पाहिली की विसरत नाही. हिरडा, बेहडा, अर्जुन आणि आपला किंदळ ही तिची भावंडं, सगळी टर्मिनॅलिया कुळीतली. परदेशी व्यापारात हिला इंडियन लॉरेल म्हणतात आणि तिच्या काळ्या रेघांच्या गाभ्याचं व्हिनियर महागड्या फर्निचरला लावतात. आपण मात्र तिला वाशात आणि चुलीत घातली.

कापल्यावर बाहेरचा पांढरट थर आणि आतला तपकिरी गाभा असे दोन भाग स्पष्ट दिसतात. पांढऱ्यात पिठूळ अंश असतो, भुंग्याला तोच आवडतो. म्हणून पांढरं मी चौकटीत घेत नाही, तुळईत घेत नाही, कुठेच घेत नाही. गाभा मात्र भारी. वाळलेल्या सागाचं एक घनफूट साधारण १९ किलो भरतं, मट्टीचं २५च्या आसपास. हा फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणून हिशेब सांगतो. सात फूट बाय तीन फूट, सव्वा इंच जाडीचं भरीव दार धरा. त्यात सव्वादोन घनफुटांच्या आसपास लाकूड जातं. सागाचं दार ४० किलोच्या थोडं वर जाईल, मट्टीचं ५५पर्यंत. ते वजन रोज बिजागऱ्यांवर लटकणार. तुमच्या भावाला दारं नको म्हणण्याचं माझं पहिलं कारण हे.

दुसरं कारण आकसण्याचं. ओलं लाकूड वाळताना आकसतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते सगळीकडून सारखं आकसत नाही, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं. लांबीत जवळजवळ काहीच कमी होत नाही. वर्तुळांच्या दिशेने, म्हणजे खोडाभोवती, ते सर्वांत जास्त आकसतं. गाभ्यापासून सालीकडे साधारण त्याच्या निम्मं. एकाच फळीची एक बाजू जास्त आणि एक कमी आकसली की फळी वाटीसारखी होते, किंवा पीळ मारते. सागात हे सगळं मुळात कमी, म्हणून साग सुताराला माफ करतो. मट्टी करत नाही. एक फूट रुंदीची ओली फळी वाळेपर्यंत अर्ध्या इंचाच्या आसपास रुंदी गमावते. दाराच्या पानात अर्धा इंच म्हणजे बाहेरचा उजेड आत येईल.

माझ्या हातून झालेली चूक इथे सांगितली पाहिजे. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराच्या सहा चौकटी मी मट्टीच्या केल्या. झाड कापून जेमतेम चार महिने झाले होते. मालकांना पावसाआधी घर बंद करायचं होतं आणि मलाही ‘नाही’ म्हणता आलं नाही. पावसाळाभर सगळं ठाकठीक दिसलं, कारण हवाच ओली होती. नोव्हेंबरात कोरडा वारा सुटला आणि दिवाळीनंतर फोन आला. दोन चौकटींचे उभे खांब पिळले होते, कुसू, म्हणजे सांध्याच्या जिभा, भोकातून सैल झाले होते आणि एक दार वरच्या कोपऱ्यात अडून खाली बोटभर उघडं राहत होतं. मी सहाही चौकटी काढून दुसऱ्या बसवून दिल्या. लाकडाने काही दगा दिला नव्हता, त्याला मी वेळ दिला नव्हता. तुमचा सुतार ‘फाटते’ म्हणतो तेव्हा त्याच्याही गाठीशी असाच एखादा अनुभव असणार. त्याच्यावर रागावू नका.

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या घराचं छप्पर आम्ही उतरवलं. राजांगणाभोवतीचे वासे आणि तुळया बहुतेक मट्टीच्या, काही किंदळाच्या. धुराने काळ्या झालेल्या. रंधा मारायला घेतला तर पातं उडत होतं, इतकं लाकूड कणखर. खिळा ठोकला की वाकायचा, आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय काहीच जाईना. पण प्रत्येक तुळईची भिंतीत गाडलेली शेवटची नऊ-दहा इंचं पाहिली, तर तिथे चहात भिजलेल्या बिस्किटासारखं लाकूड. स्क्रूड्रायव्हर टेकवला की मुठीपर्यंत आत. मधे दहा फूट लोखंड आणि दोन्ही टोकांना भुसा.

असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या देवखोलीच्या तुळईचं दुखणं बहुधा हेच आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी धरत नाही. आपल्याकडे घरात उघड्या हवेत असलेलं लाकूड उन्हाळ्यात माझ्या ओल मोजायच्या मीटरवर १२-१३ टक्के दाखवतं आणि भर पावसात १७-१८. म्हणजे आपण वर्षातले चार महिने त्या रेषेच्या जवळच राहतो. चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते, बाहेरून गिलावा तडकला की ती पाणी शोषून धरते. त्या भिंतीत गाडलेलं टोक सप्टेंबर संपला तरी वाळत नाही, कारण वारा लागायला जागाच नाही. मट्टी असो, साग असो, त्या कोनाड्यात कुणीही कुजणार, फक्त साग थोडा उशिरा. म्हणून ‘कुठलं लाकूड घालू’ विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, पाणी कुठून येतंय?

जुने मेस्त, म्हणजे सुतार-कारागीर, हे जाणून होते. काही घरांत तुळईच्या टोकाभोवती त्यांनी बोटभर मोकळी जागा ठेवलेली मी पाहिली आहे आणि टोकाला काजूच्या टरफलांचं तेल पाजलेलं. ते तेल मीही वापरतो. काजूच्या कारखान्यांतून मिळतं, लाकडात मुरतं आणि किडीला नकोसं असतं. पण हातमोज्यांशिवाय हात लावू नका. कातडीवर पडलं तर फोड येतात आणि डाग महिनाभर जात नाही.

तर मग ओंडक्याचं काय करायचं?

आधी माप घ्या. सुतळीने खोडाच्या मध्यावर घेर मोजा, त्याचा चौथा हिस्सा काढा, त्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. वखारीतली जुनी रीत हीच. समजा घेर पाच फूट म्हणजे ६० इंच. चौथा हिस्सा १५, वर्ग २२५. लांबी १२ फूट. २२५ गुणिले १२ भागिले १४४, म्हणजे पावणेएकोणीस घनफूट. पांढरं, मधला गर (खोडाचा अगदी मध्य), चिरा आणि करवतीचा भुसा जाऊन माझ्या अनुभवात त्यातलं निम्मं कामाचं मिळतं, नऊ-साडेनऊ घनफूट. पाच इंच बाय अडीच इंच मापाच्या एका चौकटीला घटतुटीसकट दोन घनफूट धरा. म्हणजे असा ओंडका असेल तर चार चौकटी. किंवा एक चांगली तुळई आणि दोन चौकटी. सगळ्या घराचं काम त्यात होणार नाही, हे आताच भावाच्या कानावर घाला.

परवाना हातात आला की लगेच कापून घ्या. वाट पाहून मट्टी वाळत नाही, ती ओंडक्यातच फुटते. शिवाय वाळल्यावर तिला कापणं म्हणजे करवतीची परीक्षा. ओली असताना कापायला सोपी. गिरणीवाल्याला एक गोष्ट आधी सांगा: मट्टीच्या पोटात कधीकधी पांढरा चुनखडीचा खडा निघतो. झाडच तो साठवतं. एकदा माझ्यासमोर पात्याचे तीन दात त्याने नेले. खडा साधारण जुन्या जखमेच्या किंवा पोकळीच्या आसपास असतो, तिथे हात सावरून चालवायचा.

कापताना मधला गर कुठल्याही नगात राहू देऊ नका. मध्य आत ठेवून चौकोनी खांब काढला की त्याला चीर जाणारच, कारण बाहेरचा थर आकसायला बघतो आणि मधला भाग त्याला आकसू देत नाही. गर बाजूला टाकून दोन्हीकडे नग काढा. चौकटीचे नग हव्या मापापेक्षा पाव ते अर्धा इंच जाड ठेवा, वाळल्यावर रंधून सरळ करायला लाकूड हातात राहतं.

कापल्या दिवशीच दोन कामं. नगांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावा. लाकडातलं पाणी टोकांतून सर्वांत वेगाने जातं, म्हणून चिरा टोकांपासून सुरू होतात. आमच्या वडिलांच्या वेळी शेण थापायचे, तेही चालतं. दुसरं काम भुंग्याचं. दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा आणि ओल्या लाकडाला सगळीकडून दोन-तीन हात द्या. हे औषध पाण्याबरोबर आत शिरतं, म्हणून लाकूड ओलं असतानाच द्यायचं, वाळल्यावर दिलं तर वरच राहतं. नंतर चार-पाच दिवस नग एकमेकांवर रचून झाकून ठेवा, म्हणजे औषध मुरेल. पावसात मात्र ते धुऊन जातं. तेव्हा हा उपाय घरातल्या लाकडासाठीच. द्रावणात हातमोजे घाला, मुलं आणि गुरं दूर ठेवा.

मग रचणं. छपराखाली, जमिनीपासून दीड फूट उंच, चिऱ्यांच्या तीन-चार रांगांवर. दर दीड ते दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. पट्टी इकडेतिकडे सरकली की फळी तिथे झोळ घेते आणि तो झोळ मग जन्मभर राहतो. वर वजन ठेवा. उन्हात मुळीच ठेवू नका. प्लास्टिक गुंडाळू नका, आत बुरशी धरते. मट्टी पहिल्या दोन महिन्यांत फार वेगाने वाळली तर अंगभर केसासारख्या चिरा पाडते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा. जूनमध्ये ते काढा, कारण तेव्हा वाराच हवा असतो.

जमिनीपासून उंच ठेवण्याचं आणखी एक कारण वाळवी. आपल्याकडे वारुळाला सांतेरी देवी म्हणून हात जोडतात, मीही जोडतो. कुळागरातली वाळवी कुठे जाणार नाही आणि तिला तिथून हुसकणंही बरोबर नाही. लाकूड मातीला टेकवायचं नाही आणि दर पंधरा दिवसांनी चिऱ्यांवर मातीची नळी चढली आहे का ते पाहायचं. तिची नळी मोडणं एवढंच आपलं काम.

किती दिवस? सव्वा इंची फळ्यांना निदान एक वर्ष. चौकटीच्या अडीच-तीन इंची नगांना दोन वर्षं धरा. भट्टी असलेल्या गिरणीत हे महिन्यांवर येतं, पण मट्टीला मंद आच लागते. घाईने वाळवलेली मट्टी वरून कोरडी आणि आतून ओली राहते, मग रंधा मारला की पिळते. मीटर नसेल तर घरचा वजनकाटा पुरतो. एका नगाच्या मधून, टोकापासून हातभर आत, बोटभर जाडीचा काप काढा आणि लगेच वजन करा. मग तो ओव्हनमध्ये मंद आचेवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा काप ४६० ग्रॅमचा होता आणि ३२० वर स्थिरावला. गेलेलं पाणी १४०, भागिले कोरडं वजन ३२०, म्हणजे ४४ टक्क्यांच्या आसपास ओल. १५च्या खाली आल्याशिवाय मी चौकटीला हात लावत नाही.

याचा सरळ अर्थ, यंदाच्या चवथीला या झाडाच्या चौकटी होणार नाहीत. पुढच्या चवथीलाही कदाचित नाहीत. तुम्हाला थांबणं जमत असेल तर थांबा, लाकूड त्या लायकीचं आहे. थांबता येत नसेल तर आताच्या चौकटी दुसऱ्या लाकडाच्या करा आणि हे नग ठेवून द्या. पायऱ्यांच्या फळ्या, व्हरांड्यातलं बाक, उंबरा, खिडक्यांच्या चौकटी, यांना मट्टीसारखं लाकूड नाही. उंबऱ्यावर तीन पिढ्यांनी पाय घासले तरी ती झिजत नाही. देव्हारा करायचा मनात असेल तर मात्र फणस घ्या. मऊ, पिवळाधमक, नक्षीला सोपा, आणि वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही.

मलेशियन सालाविषयी विचारलंत. ते बाजारातलं नाव आहे. त्या नावाखाली निरनिराळी परदेशी लाकडं येतात, काही आपल्या उत्तरेकडच्या सालाच्या नात्यातली, काही नव्हेत. चौकटीला ती चालतात, मी स्वतः वापरली आहेत. पण नाव ऐकून घेऊ नका. नग उचलून वजन पाहा, एका डोळ्याने लांबीवरून सरळपणा बघा, टोकं पाहा, पांढरं किती आहे ते पाहा, आणि मीटर लावायला सांगा. मीटर लावू न देणाऱ्याकडून मी माल घेत नाही. ‘आफ्रिकन साग’ म्हणून मिळतो त्यातही दोन प्रकार आहेत. काही माल खरोखर आफ्रिकेत लावलेल्या सागाचा असतो, काही सागाचा नसतोच, वेगळ्याच झाडाचा असतो. खऱ्या सागाच्या टोकाला ताजा काप द्या, भोकांच्या ओळी वर्तुळात बसलेल्या उघड्या डोळ्यांना दिसतात. हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला जुन्या चामड्यासारखा वास असतो. मट्टीत भोकं मोठी, पण विखुरलेली, आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं.

दारांच्या पानांसाठी माझं मत साग. तुमच्याकडे जुनी दारं असतील तर ती आधी नीट पाहा. खालची चार इंचं कुजलेली असतात म्हणून लोक अख्खं दार भंगारात देतात आणि कुणीतरी ते धुऊन-पुसून दुकानात उभं करतो. खालचा आडवा पट्टा बदलला की असं दार आणखी पन्नास वर्षं चालतं. मला याचं फार वाईट वाटतं. तसं लाकूड आता विकत मिळत नाही.

मट्टीला स्क्रू लावताना स्टेनलेस किंवा पितळी घ्या. तिच्यात टॅनिन असतं, दमट हवेत साध्या लोखंडाभोवती निळसर काळा डाग पसरतो. पॉलिश करण्याआधी लाकडाची स्वतःची बारीक भोकं भरून घ्यावी लागतात, नाहीतर पृष्ठभाग खडबडीत राहतो. बाहेरच्या लाकडाला चकचकीत कोटिंगपेक्षा जवसाचं तेल बरं. कोटिंग आपल्या पावसात सोलून निघतं आणि त्याच्या मागे पाणी अडकतं. तेल दरवर्षी मे महिन्यात एकदा चोळायचं, एवढंच.

आता देवखोलीची तुळई. हे मी शेवटी ठेवलं, पण कामाच्या क्रमात ते पहिलं आहे.

तुळई मधे खाली आली म्हणजे ती मोडणारच असं नाही. सत्तर-ऐंशी वर्षं भार झेलत राहिलेलं लाकूड हळूहळू वाकतं आणि तसंच राहतं. बाजूवर लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा बहुतेक वाळतानाच्या असतात, त्यांना घाबरू नका. पण खालच्या अंगाला तंतू तुटलेले दिसले, आडवी तड असेल, ताजी फिकट कुसळं दिसत असतील किंवा वरची कौलं अलीकडे सरकली असतील, तर त्या खोलीत वावरणं थांबवा आणि इंजिनियरला बोलवा. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही.

तोवर स्वतः एवढं करा. शिडी लावून दोन्ही टोकांना, भिंतीला लागून, स्क्रूड्रायव्हर दाबा. चांगली मट्टी टोकदार लोखंडाला जेमतेम खूण पडू देते. अर्धा इंच सहज गेला तर टोक गेलं समजा. मग हातोडीच्या दांड्याने मध्यापासून टोकाकडे ठोकत जा. खणखणीत आवाज जिथे बद्द होतो, तिथे खडूने रेघ मारा. ती रेघ भिंतीपासून किती लांब आहे, यावर पुढचं ठरतं. हातभराच्या आत असेल तर बहुधा अख्खी तुळई बदलावी लागत नाही. कुजकं टोक कापून, नव्या मट्टीच्या गाभ्याचा तिरका जोड देऊन आरपार बोल्ट मारतो, किंवा भिंतीला लागून खालून खांब देतो.

आणि इथे तुमचा ओंडका यंदाच उपयोगी पडू शकतो. चौकटीला अर्धवट वाळलेलं लाकूड चालत नाही कारण तिथे दोन सुतांचाही फरक दार अडवतो. तुळईचं तसं नाही. ती वरून भार घेते. जागेवर बसून वाळली, थोडी आकसली, अंगावर चार चिरा आल्या, तरी तिच्या कामात उणं येत नाही. जुन्या घरांतल्या कितीतरी तुळया अशाच अर्ध्या ओल्या चढल्या असणार. बोल्ट मात्र वर्षभराने पुन्हा आवळायचे, कारण लाकूड त्यांच्यापासून सुटतं. आणि ती उभी बसवा. सहा बाय चार इंचांची तुळई सहा इंच उभे ठेवून बसवली तर आडवीपेक्षा ताकद दीडपट आणि वाकायला विरोध सव्वादोन पट. लाकूड तेच, खर्च तोच. तरीही अलीकडे ती चपटी टाकलेली मी पाहतो, केवळ सपाट बसवायला सोपी म्हणून.

भिंतीत टोक बसवताना तिन्ही बाजूंनी बोटभर जागा मोकळी, खाली सपाट दगड, टोकाला काजूचं तेल दोन हात. सिमेंटने ती जागा बुजवू नका. गवंडी बुजवायला निघेल, त्याच्याजवळ उभ्या राहा. बाहेरच्या बाजूचा तडकलेला गिलावा मेच्या आत दुरुस्त करा आणि पागोळ्या भिंतीवर उडत असतील तर पन्हळ लावा. हे केलं नाही तर नवं टोकही तसंच जाईल.

चवथीआधी यातलं काही जमलं नाही, तर माटोळी या तुळईला बांधू नका. नारळ, सुपारीचे घड, फळं, मोठ्या घरात सहज मणभर वजन लटकतं आणि खाली घरची सगळी माणसं आरतीला उभी असतात. दोन उभे खांब, वर एक आडवा, असा सुटा मांडव करून त्यावर माटोळी बांधा. खांबांच्या खाली फळीचे तुकडे द्या म्हणजे जमिनीत रुतणार नाहीत.

ओंडक्याचा घेर, दोन्ही टोकांचे फोटो आणि तुळईवरची खडूची रेघ भिंतीपासून किती इंचांवर आली, एवढं कळवा. मग कुठला नग कुठे कापायचा, ते काढून देतो.